चित्रांची भाषा आणि कोरी ओळ

अवघड गोष्ट सोपी करून देणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्या मनात सहसा शंका येत नाही. संस्कृतात कोंडलेले ज्ञान ज्यांनी देशभाषेत आणले त्यांना आपण संत म्हणतो. आणि ज्या अधिकाऱ्याने किचकट नियमांचे दोन पानी सुबोध पत्रक केले त्याच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा पडतो. सुलभतेविरुद्ध बोलणारा मनुष्य ज्ञानाला कुलूप घालून आपले दुकान चालवू पाहणारा असावा, असेच आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. नोकरीच्या ऐन भरात माझ्याच हातून झालेल्या एका चुकीने त्या समजुतीस पहिला तडा गेला. परंतु त्या चुकीचा नीट अर्थ मला उमगला तो गेल्या उन्हाळ्यात, एका दहा वर्षांच्या मुलीच्या खेळामुळे.

माझी नात मे महिन्याच्या सुटीत आमच्याकडे आली होती. बदलीच्या नोकरीतील घरांत वाढणाऱ्या मुलांचे होते तेच तिचेही झाले आहे : घरात मराठी, मैत्रिणींत हिंदी, शाळेत इंग्रजी. एके दुपारी ती संगणकापुढे बसून रंगीबेरंगी ठोकळे एकाखाली एक जोडीत होती. मी विचारले, "काय लिहितेस?" ती म्हणाली, "आजोबा, यात लिहायचं नसतं, जोडायचं असतं." एका ठोकळ्याचा अर्थ 'हिरवे निशाण दाबले की सुरू हो', दुसऱ्याचा 'दहा पावले चाल', तिसऱ्याचा 'कडेला लागलास तर उलट फीर'. ठोकळ्यांना खाचा आणि दाते असतात. जे अर्थाने जुळत नाहीत ते आकारानेही जुळत नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम राहिला किंवा कंस मिटला नाही म्हणून सारी आज्ञावली कोसळण्याचा, प्रत्येक नवशिक्याला रडविणारा, प्रसंग येथे येतच नाही. या आज्ञाभाषेचे नाव 'स्क्रॅच'. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडविली आणि २००७ साली ती सर्वांसाठी खुली केली. आज ती सत्तरांहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. नातीला तिच्यात सापशिडी करावयाची होती.

ही चित्रमय आज्ञाभाषांची कल्पना मात्र अलीकडची नव्हे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतच 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. त्यात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेषा काढून संगणकाशी व्यवहार करता येत असे. त्यांचे बंधू विल्यम सदरलँड यांनी १९६६ च्या प्रबंधात पुढचे पाऊल टाकले : यंत्राने काय करावे हेच आकृती काढून सांगता येईल असे त्यांनी दाखविले. १९८६ साली 'लॅबव्ह्यू' ही भाषा आली आणि प्रयोगशाळांतील अभियंते मापनयंत्रांच्या आज्ञावल्या तारा जोडाव्या तशा जोडू लागले. तेव्हा हे केवळ बालवाडीचे साधन आहे असे समजण्याचे कारण नाही. साठ वर्षे एक आशा सतत जिवंत आहे : यंत्राला आज्ञा देण्याची विद्या मूठभर लिहिणाऱ्यांच्या हातून सुटावी आणि पाहू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती यावी.

नातीने सापशिडी निवडली हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटला. कारण विचार करून पाहिले तर सापशिडीचा पट हीच एक चित्रमय आज्ञावली आहे. सोंगटी ज्या घरात थांबली तेथे सापाचे तोंड असेल तर शेपटीपर्यंत खाली या, शिडीचा पाय असेल तर वर चढा. ही आज्ञा वाचावयास अक्षरओळख लागत नाही. आजी आणि नातू, साक्षर आणि निरक्षर, एकाच पटावर बरोबरीने बसतात. चित्राचे सामर्थ्य ते हेच. परंतु आपल्याकडच्या जुन्या ज्ञानचौपडाच्या पटांवर घराघरांत गुणांची आणि दोषांची नावे लिहिलेली असत. साप तुम्हांला कोठे नेऊन टाकतो हे चित्रावरून दिसे. का टाकतो हे मात्र घरातले अक्षर सांगे. 'कोठे' आणि 'कसे' हे सांगण्यात चित्र पटाईत आहे. 'का' हे सांगावयाचे झाले की त्याला शब्दाकडे उसनवारी करावी लागते. ही मर्यादा आधीच लक्षात ठेवलेली बरी.

खेळ आणि चित्रमय भाषा यांचे सख्य अधिक का, याचेही कारण येथेच आहे. खेळ म्हणजे केवळ नियमांनी बनलेले जग. ते घडविणारा मनुष्य त्या जगापुरता स्मृतिकार असतो : काय केल्याने जिंकावे, कशाने हरावे, कोणत्या चुकीला क्षमा आहे, हे सर्व तोच ठरवितो. आणि या नियमांपैकी पुष्कळसे आकृतीत सहज मावतात. खेळातल्या एखाद्या शत्रूच्या वागण्याचा विचार करा. एका चौकटीत 'पहारा', दुसरीत 'पाठलाग', तिसरीत 'हल्ला'. चौकटींमधून बाण काढले आणि बाणावर अट घातली, की 'नायक दिसला तर पहाऱ्यातून पाठलागात जा' हा नियम तयार झाला. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडिलेड येथल्या अगदी लहानशा मंडळीने २०१७ साली 'हॉलो नाइट' हा खेळ काढला. तो जगभर नावाजला गेला. त्यातील प्राण्यांचे वर्तन घडविताना त्यांनी 'प्लेमेकर' नावाचे असेच चौकटी-बाणांचे साधन वापरले होते. २०१४ पासून 'अनरियल' या प्रख्यात खेळयंत्रणेतही 'ब्लूप्रिंट' नावाची चित्रभाषा आहे, आणि चित्रकार किंवा कथाकार असलेली, परंतु आज्ञावली-लेखन न शिकलेली माणसे तिच्या आधाराने खेळांचे नियम स्वतः रचतात. ज्याच्या मनात कल्पना आहे त्याला दुसऱ्याच्या लेखणीची वाट पाहावी लागू नये, हे काही लहान स्वातंत्र्य नव्हे.

तरीही विरुद्ध पक्ष दुबळा नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रणेचे काम पाहिलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की आज्ञावलीची खरी अवघडता तिच्या लिहिण्यात नसून तिच्यातील विचारांच्या गुंतागुंतीत आहे. इमारतीला आकार असतो म्हणून तिचा नकाशा काढता येतो. आज्ञावलीला तसा आकारच नाही. एक आकृती काढावी तर कामाचा ओघ दिसतो पण माहितीचे नाते दिसत नाही, दुसरी काढावी तर उलट होते. ज्यांनी ब्लूप्रिंटमधील मोठे काम पाहिले आहे त्यांना हे चटकन पटेल : दहा चौकटींत जे चित्र सुंदर दिसते, तेच पाचशे चौकटींत मांजराने खेळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखे होते. शिवाय लिखित मसुद्यात कोणी कोठे काय बदलले हे ओळीओळीने ताडून पाहता येते. दोघांनी एकाच आकृतीत केलेले बदल ताडून पाहणे फार कष्टाचे जाते. 'गोडो' या खेळयंत्रणेने तर २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत आपली चित्रभाषा काढूनच टाकली. ती वापरणारे फार थोडे निघाले होते. आणि ब्लूप्रिंट देणाऱ्या कंपनीनेच त्याच वर्षी 'फोर्टनाइट'च्या खेळरचनाकारांसाठी 'व्हर्स' नावाची नवी भाषा आणली. ती चित्रांची नव्हे, अक्षरांची आहे.

तेव्हा चित्र जिंकेल की अक्षर, असा प्रश्न विचारून कोणी भविष्य सांगू लागला तर त्याचे ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. दोन्ही राहतील, कारण दोन्हींची कामे निराळी आहेत. परंतु हा झाला सोयीचा प्रश्न. मला अस्वस्थ करणारा प्रश्न सोयीचा नाही, नीतीचा आहे. खाचा आणि दाते करून जो मला चूक करू देत नाही, तो माझ्यावर उपकार करतो की माझ्या वतीने काही ठरवून टाकतो? आणि त्याने काय ठरवून टाकले हे मला कधी कळणार?

येथे ती जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९४ साली मी परप्रांतातील एका जिल्ह्यात भूसंपादनाचे काम पाहत होतो. कालव्यासाठी जमिनी जात होत्या. नुकसानभरपाईचा अर्ज चार पानांचा, सरकारी भाषेतला. तो भरण्यासाठी गावकऱ्यांना कचेरीच्या दाराशी बसणाऱ्या अर्जनविसाला पैसे मोजावे लागत. मला त्याची चीड आली. मी खपून एका पानाचा नवा नमुना केला. त्यात घर, विहीर, गोठा, झाड यांची छोटी चित्रे होती. चित्रापुढे चौकट, चौकटीत आकडा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो भरता यावा अशी माझी दृष्टी होती, आणि तो भरता येईही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. जुन्या अर्जाच्या शेवटी 'इतर काही निवेदन असल्यास' अशी एक ओळ असे आणि तिच्यापुढे कोरी जागा. त्या जागेत लोक वाटेल ते लिहून आणीत : भाऊबंदकी, आजारपण, देवाची शपथ. कारकुनांचा वेळ जाई. ती ओळ मी काढून टाकली. नमुना अधिक नेटका दिसू लागला.

पुढे एक विधवा बाई आली. जमीन दिराच्या नावावर, परंतु बांधावरचे मोहाचे झाड तिचे. तिच्या सासऱ्याने ते तिला तोंडी दिलेले, आणि त्या झाडावर तिचा संसार चालत आलेला. गावात यात कोणालाच नवल वाटत नव्हते. माझ्या नमुन्यात मात्र झाडाची चौकट जमीनमालकाच्या नावाखाली होती. 'दुसऱ्याच्या जमिनीवर माझे झाड' यासाठी चौकट नव्हती. कारकून म्हणाला, "यात तसा रकाना नाही." ती तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी माझ्यापुढे उभी राहिली आणि मीही तेच वाक्य बोललो. झाडाची भरपाई जमिनीबरोबर दिराला गेली. दोन महिन्यांनी माझी बदली झाली. त्या बाईचे पुढे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

जुना अर्ज अवघड होता. परंतु त्याच्या अवघडपणात त्या बाईला एक फट होती. अर्जनविसाला चार पैसे देऊन का होईना, तिला आपले म्हणणे त्या कोऱ्या ओळीत मांडता आले असते, आणि कागदावर आलेले म्हणणे वाचणे मला भाग पडले असते. मी सुलभता दिली आणि फट बुजविली. मला जेवढे सुचले तेवढेच तिला बोलता यावे, असे मी नकळत ठरवून टाकले होते. सोपेपणा देणारा आणि सोपेपणा घेणारा यांच्यात जो अदृश्य करार होतो, त्यातले हे कलम कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही.

चित्रमय भाषांच्या इतिहासात नेमका हाच प्रसंग घडून गेला आहे, हे मला नातीच्या निमित्ताने चार पुस्तके चाळताना कळले. स्क्रॅचच्या आधी, १९६७ साली, सीमूर पॅपर्ट, वॅली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली होती. ती अक्षरांची होती; टंकलेखनाच्या चुका तीत होत असत. परंतु तिचा गाभा असा, की मूल यंत्राला नवा शब्द शिकवू शके. 'चौरस' म्हणजे काय हे एकदा सांगितले, की पुढे 'चौरस' हा त्या भाषेतलाच शब्द होई, आणि त्या शब्दापासून आणखी नवे शब्द घडविता येत. २००७ साली आलेल्या स्क्रॅचमध्ये ठोकळे होते, रंग होते, चूक होऊ न देणाऱ्या खाचा होत्या. नव्हती ती एवढी एकच गोष्ट. मुलाला स्वतःचा नवा ठोकळा करता येत नव्हता. देतील त्या ठोकळ्यांत बोलावे. करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. नवशिक्याच्या डोक्यावर ओझे नको, हाच. माझाही हेतू तोच होता.

ही उणीव ज्यांना बोचली त्यांत जर्मनीतील येन्स म्योनिग हे एक होते. 'आपले ठोकळे आपण घडवा' अशा अर्थाच्या नावाची स्क्रॅचची सुधारलेली आवृत्ती त्यांनी काढली. बर्कलीचे अध्यापक ब्रायन हार्वी त्यांना येऊन मिळाले, आणि तीच पुढे 'स्नॅप' या नावाने नांदू लागली. २०१३ साली स्क्रॅचच्या दुसऱ्या आवृत्तीतही स्वतःचा ठोकळा करण्याची सोय आली. कोरी ओळ परत आली, असे मी म्हणेन.

नातीचे काय झाले ते आता सांगतो. तिची सापशिडी दोन दिवसांत चालू लागली, आणि लगेच तिला तिचा कंटाळा आला. "यात आपण काहीच ठरवत नाही, फासाच ठरवतो," ही तिची तक्रार. तक्रार रास्त होती. मग तिने एक नियम काढला : दोन सोंगट्या एका घरात आल्या तर मागून आलेल्याने हवे तर आपली एक पाळी सोडून पहिल्याला वाट द्यावी, ज्याने वाट दिली त्याला पुढचा एक साप गिळणार नाही. या नियमासाठी तयार ठोकळा नव्हता. कोणी कोणाला वाट दिली हे लक्षात ठेवावयास एक कप्पा हवा होता, साप गिळण्याआधी तो कप्पा पाहावयास हवा होता, आणि एकदा क्षमा झाली की तो रिकामाही करावयास हवा होता. पहिल्या प्रयत्नात ती हे शेवटचे विसरली आणि एकदा वाट देणारा जन्माचा अमर झाला! ती हसली, डोके धरून बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिने एक नवा ठोकळा घडवून त्याला देवनागरीत नाव दिले : 'वाट दिली'.

"हा ठोकळा आधी नव्हता?" मी विचारले.

"नव्हता. मी केला."

मला मोहाच्या झाडाची आठवण झाली. त्या मुलीला जे करता आले ते करण्यास त्या बाईला मी जागा ठेवली नव्हती.

आता चित्रे जोडण्याचेही कारण उरले नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२२ नंतर अशी यंत्रे सर्वांच्या हाती आली, की साध्या भाषेत इच्छा सांगावी आणि त्यांनी आज्ञावली लिहून द्यावी. 'मला सापशिडी करून दे' म्हटले की सापशिडी तयार. सुलभता हेच ज्यांचे एकमेव भूषण होते त्या चित्रभाषांना यापुढे निवृत्तिवेतनावर जावे लागेल, असे वरवर पाहता वाटते. मला उलट वाटते. दुसऱ्याने लिहिलेल्या टिपणीवर सही करण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. टिपणी लिहिणे कारकुनावर सोपविता येते. ती वाचणे सोपविता येत नाही, कारण खाली नाव आपले असते. यंत्र लिहू लागले की माणसाकडे वाचण्याचे काम येणार, आणि यंत्राने रचलेला नियम खरोखर मला हवा तोच आहे काय, हे डोळ्यांनी पाहण्याची गरज वाढणार. तेथे चौकटी आणि बाण यांचा उपयोग आहे. जो कधी आज्ञावली लिहिणार नाही, त्यालाही 'येथे क्षमेनंतर कप्पा रिकामा झालेला नाही' हे चित्रात दिसू शकेल. लिहिण्याचे साधन म्हणून चित्रभाषेची मागणी कदाचित घटेल. वाचण्याचे, तपासण्याचे आणि हरकत घेण्याचे साधन म्हणून ती वाढावी, असे मला वाटते. अर्थात मोठ्या आकृतीचा गुंता होतो हा ब्रूक्स यांचा आक्षेप तेथेही उभा राहीलच. म्हणून सारे एकदम न दाखविता हव्या त्या भागाचे चित्र दाखविणे ही कला साधावी लागेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलांना, आज्ञावली-लेखनाची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. तेव्हा या साधनांची निवड करण्याचे काम आपल्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येणार, किंवा येऊनही गेले असेल. कोणते साधन अधिक रंगीत, कोणत्यात चुका कमी, कोणते लवकर शिकून होते, याचे तक्ते फाईलमध्ये असतीलच. त्यांच्या जोडीला एक प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे : ज्याचा विचार करणाऱ्याने केला नव्हता असे काही मुलाला म्हणावयाचे असेल, तर ते म्हणावयास यात जागा आहे काय? नसेल, तर ते साधन कितीही सोपे असले तरी ते मुलाला आज्ञा देण्यास शिकवीत नाही, आज्ञा पाळण्यास शिकविते.

सुलभतेविरुद्ध माझी तक्रार नाही. अर्जनविसाच्या दारात लोकांना पुन्हा उभे करावे असे मी म्हणणार नाही, आणि स्वल्पविरामासाठी मुलांना रडवावे असेही म्हणणार नाही. चित्रांचा तो नमुना मी आजही तसाच करीन. शेवटची ओळ मात्र ठेवीन, आणि त्या ओळीत लोक जे काही लिहून आणतील ते वाचावयास वेळ काढीन. नातीचा तो खेळ माझ्या संगणकावर आहे. कधी संध्याकाळी मी एकटाच दोन्ही सोंगट्या चालवीत बसतो, आणि घर एक झाले की मागच्या सोंगटीची पाळी सोडून पुढचीला वाट देतो.